रक्ताचा कागद वाचू या



आषाढात आपल्या मुळशीत भाताची लावणी असते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाया चिखलात वाकून उभ्या असतात. अशा वेळी एखादी बाई बांधावर येऊन बसते. म्हणते, "डोळ्यांपुढं अंधारी येती गं. पायांत जीवच न्हाई." शेजारीण म्हणते, "अंगात रक्त कमी झालं असंल. लोहाच्या गोळ्या घे, बरं वाटंल."

शेजारणीचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. पण दर वेळी खरे असतेच असे नाही. कधी कधी त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही. मग लोक म्हणतात, "गोळ्या खोट्या आहेत." गोळ्या खोट्या नसतात. दुखणे दुसरेच असते. ते दुखणे कसे ओळखावे, हे आज आपण शिकू.

रक्तक्षय म्हणजे काय?

आपल्या रक्तात लाल पेशी असतात. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. त्यांत हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. आपण श्वास घेतो, तेव्हा हवेतला प्राणवायू हा पदार्थ उचलतो आणि साऱ्या अंगाला पोचवतो. हिमोग्लोबिन कमी पडले की अंगाला प्राणवायू कमी पडतो. मग चढ चढताना धाप लागते. छाती धडधडते. डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. कामात मन लागत नाही. यालाच रक्तक्षय म्हणतात.

रक्तक्षय हा दोनचार घरांचा प्रश्न नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो कमी न होता वाढला.

हिमोग्लोबिन किती असावे? बाईमाणसाचे १२ किंवा जास्त, गरोदर बाईचे ११ किंवा जास्त, पुरुषाचे १३ किंवा जास्त. हे माप शंभर मिलिलिटर रक्तातील ग्रॅमचे आहे. आठाच्या खाली गेले, किंवा गरोदरपणी साताच्या खाली गेले, तर दुखणे भारी समजावे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एका विषयाचे गुण पुरत नाहीत

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा जन्म शाळेत प्रगतिपुस्तके लिहिण्यात गेला. पण तिथे एक गोष्ट शिकलो. एका विषयाचे गुण पाहून पोराची पारख होत नाही. गणितात नापास झाला म्हणून पोरगा ढ ठरत नाही. कदाचित त्याला फळ्यावरचे दिसत नसेल. सगळे विषय पाहावे लागतात, आणि पोराकडेही पाहावे लागते.

रक्ताच्या कागदाचेही तसेच आहे. हिमोग्लोबिन कमी आहे, एवढ्यावरून रक्त कमी आहे हे कळते. ते का कमी आहे, हे कळत नाही. त्यासाठी आणखी चार ओळी वाचाव्या लागतात.

कागदावर तपासणीची नावे इंग्रजीत असतात. आकडेही इंग्रजी असतात. पण ते आकडे तुम्ही रोज मोबाईलवर आणि नोटांवर पाहता. प्रत्येक आकड्यापुढे नेहमीचा आकडा, म्हणजे निरोगी माणसाचा आकडा, छापलेला असतो. दोन्ही ताडून पाहावे. शिकलेल्या मुलाकडून किंवा आशाताईंकडून एकदा ओळी दाखवून घ्याव्या. पुढे तुमच्या तुम्हाला कळू लागेल.

लोह कुठून कुठे जाते?

हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते. आपल्या साऱ्या अंगात मिळून तीनचार ग्रॅम लोह असते. एवढे लोह एका लहान खिळ्यात मावेल. पण त्यावाचून चालत नाही.

हे समजायला आपण भाताची उपमा घेऊ.

शेतात भात पिकतो. तो कणगीत साठवतात. लागेल तसा काढून गाडीत घालतात. गाडी गिरणीवर जाते. तिथे तांदूळ होतो.

अंगातही असेच चालते. जेवणातून लोह येते. ते फेरिटिन नावाच्या कणगीत साठते. ही कणगी मुख्यतः यकृतात, म्हणजे काळजात असते. तिथून लोह रक्तातल्या गाड्यांत चढते. या गाड्या लोह हाडांच्या आतल्या मगजाकडे नेतात. हाडांचा मगज ही आपली गिरणी. तिथे नव्या लाल पेशी तयार होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की शरीर तिच्यातले लोह फेकून देत नाही. ते काढून पुन्हा वापरते. गिरणीला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले एकदोन मिलिग्रॅमच जेवणातून येते. बाकीचे सारे जुन्या पेशींतून मिळते. आपले शरीर मोठे काटकसरी आहे.

कणगी रिकामी का होते?

आपल्याकडे कणगी रिकामी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. नुसत्या भातावर पोट भरले तर लोह कमी मिळते. बायांचे पाळीत रक्त जाते. बाळंतपणात जाते. अनवाणी पायांनी चिखलात वावरल्याने आकडीचे जंत कातडीतून अंगात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रोज थोडे थोडे रक्त पितात. मूळव्याधीतूनही रक्त जाते. शेतातून येणे कमी आणि सांडणे जास्त, मग कणगी कशी भरायची? याला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय म्हणतात. यावर लोहाची गोळी हा उत्तम उपाय आहे.

कणगी भरलेली, पण दाराला कुलूप

आता दुसरा प्रकार पाहा. गावात चोरांचा सुळसुळाट झाला तर घरधनी काय करतो? कणगीच्या खोलीला कुलूप लावतो. चोरांना धान्य मिळत नाही. पण कुलूप फार दिवस राहिले तर घरच्या चुलीलाही तांदूळ मिळत नाही.

अंगात रोगजंतू शिरले की असेच होते. जंतूंनाही वाढायला लोह लागते. म्हणून यकृत एक पदार्थ रक्तात सोडते. त्याचे नाव हेप्सिडिन. शास्त्रज्ञांना याचा शोध सन २००० च्या सुमारास लागला. हेप्सिडिन म्हणजे कणगीच्या खोलीचे कुलूप. ते लागले की साठ्यातले लोह बाहेर येत नाही. जुन्या पेशींतून निघालेले लोहही आतच अडकते. जेवणातले आणि गोळीतले लोहसुद्धा आतड्याच्या दारात अडते.

चार दिवसांचा ताप असेल तर हे कुलूप उपकारक असते. ताप गेला की तेही निघते. पण दुखणे महिनोन्‌महिने चालले तर कुलूपही तसेच राहते. गिरणीला माल मिळत नाही. शिवाय नव्या पेशी बनवण्याचा हुकूमही मंद होतो. रक्त कमी होत जाते. याला दाहामुळे होणारा रक्तक्षय म्हणतात. दाह म्हणजे रोगाशी झुंजताना अंगात उठणारी सूज, ताप आणि आग.

असा दाह कशाने राहतो? क्षयरोगाने राहतो. सांधे सुजवणाऱ्या आमवाताने राहतो. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्याने, बऱ्या न होणाऱ्या जखमेने, कर्करोगानेही राहतो. अशा वेळी नुसती लोहाची गोळी फारशी कामास येत नाही. बंद दारापुढे पोती रचून काय उपयोग? आधी चोर धरावा, मग कुलूप आपोआप निघते.

दोन कागद

हे दोन कागद आम्ही समजुतीसाठी तयार केले आहेत. शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पहिला कागद, लावणी करणाऱ्या एका बाईचा:
हिमोग्लोबिन ९.
फेरिटिन ६.
रक्तातले लोह २५.
टी.आय.बी.सी. ४६०.
सी.आर.पी. २.

दुसरा कागद, तिच्या जावेचा:
हिमोग्लोबिन ९.
फेरिटिन २४०.
रक्तातले लोह ३०.
टी.आय.बी.सी. २००.
सी.आर.पी. ४८.

हिमोग्लोबिन दोघींचे सारखेच. रक्तातले लोहही दोघींचे कमीच, कारण ते साधारण ६० च्या वर असावे लागते. इथेच वाचन थांबवले तर दोघींना एकच औषध मिळेल. म्हणून पुढे वाचू.

फेरिटिन. कणगीभोवती चार दाणे सांडलेले असतात. त्यांवरून कणगी किती भरली याचा अंदाज येतो. रक्तातले फेरिटिन म्हणजे ते सांडलेले दाणे. १५ च्या खाली असेल तर कणगी रिकामी समजावी. पहिलीचे ६ आहे. तिची कणगी रिकामी. दुसरीचे २४० आहे. तिची कणगी भरलेली.

टी.आय.बी.सी. म्हणजे रक्तातल्या साऱ्या गाड्यांत मिळून किती माल मावेल ते माप. साधारण २५० ते ४५० असते. लोह कमी पडले की शरीर जास्त गाड्या धाडते. म्हणून पहिलीचे माप वाढून ४६० झाले. दुसरीच्या अंगात कुलूप आहे. तिथे गाड्याच कमी सुटल्या. म्हणून २००.

आता एक सोपे गणित करू. गाड्यांतल्या शंभर जागांपैकी किती भरल्या? रक्तातल्या लोहाला १०० ने गुणा आणि टी.आय.बी.सी.ने भागा. पहिलीचे उत्तर सुमारे ५ येते. दुसरीचे १५ येते. हे २० ते ५० च्या दरम्यान असावे लागते. दोघींच्याही गिरण्यांना माल अपुरा पोचतो आहे.

सी.आर.पी. ही दाहाची खूण. बहुतेक ठिकाणी ५ च्या आत असेल तर ठीक मानतात. पहिलीला दाह नाही. दुसरीला आहे. ई.एस.आर. नावाची जुनी तपासणीही अशाच कामाची आहे.

आता निवाडा सोपा झाला. पहिलीला लोह द्यावे आणि ते कुठे सांडते आहे ते पाहावे. दुसरीला नुसते लोह देऊन भागणार नाही. तिच्या अंगात चोर कुठे दडला आहे, ते शोधले पाहिजे. "रात्री घाम येतो का? संध्याकाळी ताप येतो का? दोन आठवड्यांवर खोकला आहे का? वजन उतरले का? सकाळी बोटांचे सांधे आखडतात का?" हे तिला विचारले पाहिजे. जावेला क्षय असेल आणि ती सहा महिने नुसती लोहाची गोळी खात बसली, तर त्या सहा महिन्यांत रोग तिचे फुप्फुस खाईल. घरातल्या लेकरांनाही लागेल.

तिसरा कागद अवघड

कधी दोन्ही दुखणी एकत्र असतात. कणगीही अर्धी रिकामी आणि दाराला कुलूपही. अशा वेळी फेरिटिन फसवते. अंगात दाह असला की दाणे उगाच जास्त सांडतात, आणि कणगी भरल्यासारखी वाटते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, अंगात दाह असेल तर फेरिटिन १५ नव्हे, ७० च्या खाली असले तरी लोह कमी आहे असे धरावे. उदाहरणार्थ, फेरिटिन ४५ आणि सी.आर.पी. ४०. असा माणूस वरवर ठीक दिसतो. पण त्याला दोन्ही उपचार लागतात. हा निवाडा डॉक्टरांनीच करावा. आपण सी.आर.पी.ची ओळ त्यांच्या नजरेस आणून द्यावी.

परळची गोष्ट

पांढुरका चेहरा सारखा असला तरी कारणे निराळी असतात. हे आपल्याच मुंबईच्या गिरणगावात दिसून आले होते.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायांना गरोदरपणी भारी रक्तक्षय होई. कित्येकी दगावत. विल्सबाईंनी नुसते रक्त तपासले नाही. त्या बाया काय खातात, कशा राहतात, तेही पाहिले. या बायांच्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत त्या लहान होतात. म्हणजे दुखणे लोहाचे नव्हते. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला. पाव फुगवायला वापरतात तेच यीस्ट. बायांचे रक्त भरून येऊ लागले. १९३१ साली त्यांनी हे छापून जगापुढे मांडले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून जो पदार्थ वेगळा काढला गेला, त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. यीस्टमधला गुण त्याचाच होता.

आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असते. परळच्या त्या कष्टकरी बायांचे आपल्या सर्वांवर हे ऋण आहे. कारण शोधले म्हणून उपाय सापडला.

आपण काय करावे?

गावात आशाताई असतात. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. हिमोग्लोबिनची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात होते. फेरिटिनसारख्या तपासणीसाठी पुण्याला ससून रुग्णालयात जावे लागले तर खेप टाळू नये. तपासणीला सकाळी उपाशीपोटी जावे. त्या सकाळी लोहाची गोळी घेऊ नये. गोळीने रक्तातल्या लोहाचा आकडा थोडा वेळ फुगतो. जुने सगळे कागद एका पिशवीत घालून बरोबर न्यावेत. आकडा वाढतो आहे की घटतो आहे, हे त्यांवरून कळते.

डॉक्टरांपुढे लाजू नये. हे तीन प्रश्न विचारावेत:
माझी कणगी रिकामी आहे की बंद आहे?
रिकामी असेल तर लोह कुठून जाते आहे?
बंद असेल तर कोणत्या दुखण्याने?

गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नये. गरोदर बाईने सांगितलेले १८० दिवस पुरे करावेत. गोळीने शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. पण गोळी घेत नसताना शौचास डांबरासारखे काळे झाले, तर पोटात रक्त जात असेल. लगेच दाखवावे. गोळ्या लेकरांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते. "रक्त वाढवायचं सलाईन" म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी विचारावे, "माझं फेरिटिन पाहिलं का?"

ताटाकडेही लक्ष द्यावे. भाताबरोबर डाळ, हरभरा, मटकी, पालेभाजी असावी. बाजरीची भाकरी अधूनमधून करावी. अळिवात लोह पुष्कळ असते. मांसाहार चालत असेल त्याने मटण, कलेजी, मासळी खावी. त्यातले लोह लवकर लागू पडते. भाजीवर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा. चहा जेवणाबरोबर घेऊ नये, तासभर थांबावे. डॉक्टर सांगतील तेव्हा जंताचे औषध घ्यावे.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे. निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याला पोषणासाठी पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा १००० रुपये झाले आहेत. क्षय बरा होतो. तो बरा होऊ लागला की कुलूप निघते आणि रक्तही भरून येते.

ध्यानात ठेवा

रक्त कमी आहे, हे अर्धे वाक्य आहे. का कमी आहे, हे विचारल्यावर ते पुरे होते.
फेरिटिन कमी, टी.आय.बी.सी. जास्त: कणगी रिकामी.
फेरिटिन जास्त, टी.आय.बी.सी. कमी, सी.आर.पी. जास्त: कणगीला कुलूप.
फेरिटिन मधले आणि सी.आर.पी. जास्त: दोन्ही असू शकतील. डॉक्टरांना विचारा.

सांगा पाहू

१. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन किती असावे?
२. अंगात दुखणे असताना शरीर लोहाला कुलूप का लावते?
३. एका गड्याचे हिमोग्लोबिन १०, फेरिटिन ३००, सी.आर.पी. ६० आहे. त्याला महिनाभर संध्याकाळी ताप येतो. तुम्ही त्याला काय सांगाल?
४. तुमच्या घरात कोणाच्या रक्ताचा कागद असेल तर तो काढा. त्यात हिमोग्लोबिनखेरीज आणखी कोणत्या ओळी आहेत, त्या वाचून पाहा.